भाई, क्वांटम म्हंजे काय?



आजचा विषय ऐकून कुणी रेडिओ बंद करू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो. विषय आहे क्वांटम भौतिकी. आणि बोलणारा आहे कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. दहावीनंतर भौतिकशास्त्राचं पुस्तक मी हातात धरलं नव्हतं. मग हा विषय माझ्या वाट्याला आला कसा, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या पोखर्णीच्या आसपास एका गावात मोफत तपासणी शिबिर लागलं होतं. टेबलावर एक लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली धातूची दांडी. दांडी मुठीत धरायची, मिनिटभर गप्प बसायचं, की लगेच छापील कागद हातात. यकृत, मूत्रपिंड, हाडं, डोळे, सगळ्यांचा हिशेब त्यावर. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द होता : क्वांटम.

आमच्या शेजारच्या मावशी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाई, तुम्ही पेपरात लिहिता. हे क्वांटम म्हंजे काय असतंय?"

मला माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणायला लिहिणाऱ्या माणसाची जीभ वळत नाही. मी म्हणालो, "विज्ञानातलं फार मोठं काहीतरी आहे, मावशी." मावशींनी ते उत्तर होकार म्हणून घेतलं. शिबिरवाल्यांनी त्यांना साखरेच्या गोळ्या बंद करून स्वतःकडची पावडर घ्यायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली. दवाखान्यात पाय वाचला, दोन बोटं गेली. मावशी मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण त्यांचा प्रश्न माझ्याकडे उधार राहिला. ती उधारी फेडायची म्हणून मी वाचायला बसलो. आज जे सांगणार आहे, ते त्या वाचनातलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, मराठीत या विषयाला शब्द आहे. वाईहून निघालेल्या आपल्या मराठी विश्वकोशात क्वांटमला 'पुंज' म्हटलं आहे. पुंज म्हणजे रास, ढीग. पुंजका हा शब्द तर आपल्या घरातलाच. मला तो शब्द वाचून अर्धा धीर आला.

दुसरी गोष्ट, हा विषय सुरू झाला तो तापलेल्या वस्तूपासून. लोहाराच्या भट्टीत विळा घातला की आधी तो काळसर लाल होतो, मग लालबुंद, मग नारिंगी, आणखी भाता मारला तर पिवळट पांढरा. हा रंग असाच का बदलतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना सांगता येत नव्हतं. त्यांचं गणित असं सांगे, की तापलेल्या वस्तूतून जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश अमर्याद बाहेर पडला पाहिजे. तसं असतं तर भट्टीपुढे बसलेला लोहार पहिल्याच दिवशी जळून गेला असता! १९०० सालच्या डिसेंबरात जर्मनीत मॅक्स प्लांक यांनी एक तोड काढली. ऊर्जा सलग धारेनं दिली-घेतली जात नाही, ठरावीक पुड्यांमध्येच दिली-घेतली जाते, असं मानलं तर गणित भट्टीशी जुळतं. ही पुडी म्हणजे पुंज.

खळ्यावर ज्वारी वाऱ्यावर धरलेली लांबून पाहा. सुपातून धार पडते आहे असं वाटतं. जवळ जाऊन पाहिलं की दाणे दिसतात. अर्धा दाणा कधी पडत नाही. प्रकाशाचंही तसंच आहे. मग आपल्याला दाणे का दिसत नाहीत? कारण ते फार बारीक आहेत. प्लांक यांनी जो अंक काढला, तो नेहमीच्या मापात लिहायचा तर दशांशचिन्हानंतर आधी ३३ शून्यं लिहावी लागतात, मग कुठे ६६ येतात. घरातल्या साध्या बल्बमधून दर सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढ्यांहून जास्त प्रकाशकण बाहेर पडतात. मोजणार कोण?

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझं आजचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. ज्वारीची उपमा मी दिली. पण ती कुठपर्यंत खरी? ज्वारीचे दाणे साधारण सारखे असतात. प्रकाशाचे तसे नसतात. तांबड्या प्रकाशाचा दाणा लहान, निळ्याचा मोठा, जांभळ्याचा त्याहून मोठा. म्हणजे इथे उपमेची हद्द संपली. शेतकऱ्याला आपला बांध ठाऊक असतो. बांधाच्या अलीकडे नांगर चालवायचा, पलीकडे नाही. उपमेलाही असा बांध असतो. आम्ही कवी मंडळी तो पाहत नाही. प्रेयसीचं मुख चंद्रासारखं म्हणतो, पण त्यावरचे खड्डे सोडून देतो. कवितेत ते चालतं. विज्ञान सांगताना उपमा द्यावी, खुशाल द्यावी, पण तिचा बांधही दाखवावा.

आता पुढे चला. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी सांगितलं, की प्रकाश स्वतःच अशा दाण्यांनी बनलेला आहे असं मानलं पाहिजे. काही धातूंवर प्रकाश पाडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. मौज अशी, की तांबडा प्रकाश कितीही भडक करा, काही घडत नाही. जांभळा अगदी मंद असला तरी इलेक्ट्रॉन उडतो. लहानपणी आपण कैऱ्या पाडत होतो. मुठी भरभरून धूळ उधळली तर कैरी पडत नाही. एकच खडा लागला की पडते. धुळीचं वजन खड्याहून जास्त असेल, पण धक्का देण्याइतका मोठा तिचा एकही कण नसतो. इथला बांध असा, की कैरीला नेम लागतो. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत प्रश्न नेमाचा नाही, दाण्याच्या आकाराचा आहे. याच कामाचा उल्लेख करून आइन्स्टाइन यांना १९२१ सालचं नोबेल दिलं गेलं. सापेक्षतेसाठी नव्हे.

आज मराठवाड्यात शेतोशेती सौरपंपाच्या निळ्या-काळ्या पाट्या दिसतात. त्या याच कुळातल्या. प्रकाशाचा दाणा सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला वर उचलतो आणि वीज सुरू होते. जो दाणा पुरेसा मोठा नाही, त्याच्यानं वीज होत नाही. तेव्हा क्वांटम म्हणजे परदेशातल्या प्रयोगशाळेतली वस्तू, असं समजू नका. त्याच्या जोरावर आपण हरभऱ्याला पाणी देतो आहोत.

तिसरी पायरी खरोखरच पायरीची आहे. आपल्या जिल्ह्यात बारवा पुष्कळ. सेलू तालुक्यात वालूरला तर गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. बारवेत उतरणारा माणूस या पायरीवर असतो किंवा त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये त्याला उभं राहता येत नाही. १९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी सांगितलं, की अणूतल्या इलेक्ट्रॉनलाही अशाच पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला, की जेवढी उंची कमी झाली तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर टाकतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेला. मीठ जाळात पडलं की ज्योत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियमच्या पायऱ्यांमुळे. घरातल्या एलईडीतही इलेक्ट्रॉन अशीच एक उडी खाली मारतो. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा प्रकाश असतो. त्यातला काही भाग वरच्या पिवळ्या लेपातून पिवळसर होऊन बाहेर येतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. तो निळा एलईडी साधायला इतकी वर्षं लागली, की तो करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचं नोबेल मिळालं.

बारवेच्या उपमेचा बांध कुठे? बारवेच्या पायऱ्या साधारण एका उंचीच्या असतात. अणूच्या पायऱ्या वर वर जाताना जवळ जवळ येत जातात. आणि माणूस एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधल्या जागेतून जातो. इलेक्ट्रॉन मधल्या जागेतून गेला, असं चित्र डोळ्यापुढे आणता येत नाही.

इथपर्यंत आपण कसेबसे आलो. आता खरी अडचण. प्रकाश दाण्यांचा आहे म्हणावं, तर तो लाटेसारखाही वागतो. तळ्यात दोन ठिकाणी खडे टाका. दोन्हीकडून तरंग येतात. काही जागी पाणी जास्त उचंबळतं, काही जागी अगदी शांत राहतं. प्रकाश दोन बारीक फटींतून सोडला तर समोरच्या पडद्यावर असेच उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतात. नवल असं, की इलेक्ट्रॉनही तेच करतात. १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून पाहिला. पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला, म्हणजे दाणा. पण हजारो ठिपके जमल्यावर त्यांचे पट्टे झाले, म्हणजे लाट. मग इलेक्ट्रॉन नक्की काय आहे?

या प्रश्नावर मी अडलो, तेव्हा मला माझ्या गावानं हात दिला. पोखर्णी हे नृसिंहाचं गाव. आमच्या रेल्वे स्टेशनच्या नावातही नृसिंह आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. गोष्ट गावाची असते, ती ऐकायला कुणाला मज्जाव नसतो. हिरण्यकश्यपूनं वर मागितला, की मला माणसानं मारू नये, पशूनं मारू नये. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. त्याला वाटलं, सगळ्या वाटा बंद झाल्या. त्याची चूक अशी, की जगात दोनच खाने असतात असं त्यानं धरलं. नृसिंह ना माणूस ना पशू, वेळ संध्याकाळची, जागा उंबरठ्याची.

लाट की कण, असं विचारणाऱ्या शास्त्रज्ञांनीही दोनच खाने धरले होते. इलेक्ट्रॉन दोन्हींत बसत नाही. तो तिसरंच काहीतरी आहे. त्याला आपल्या रोजच्या भाषेत नाव नाही, कारण आपली भाषा मडकी, बैल आणि पाऊस पाहून तयार झाली, इलेक्ट्रॉन पाहून नाही.

आणि इथला बांध तर मी ठळक आखणार आहे. नृसिंहाच्या कथेत क्वांटम होतं, आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होतं, असं मी म्हणत नाही. कुणी म्हणालं तर मानू नका. कथा आपल्याला उंबरठ्यावर उभं राहून विचार करायची सवय लावते. पट्टे कुठे पडतील याचा आकडा ती देत नाही. तो आकडा गणित देतं, आणि तो प्रयोगशाळेत ताडून पाहता येतो. कथेचा मान कथेला, गणिताचा गणिताला.

क्वांटमच्या नावावर फसवणूक नेमकी याच बांधावरून आत शिरते. पुस्तकात लिहिलेलं असतं, की पाहिल्यामुळे इलेक्ट्रॉनचं वागणं बदलतं. ते खरं आहे. इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे शोधायचा बंदोबस्त केला, तर पट्टे नाहीसे होतात. पण इथे 'पाहणं' म्हणजे माणसाचं मन नव्हे, श्रद्धा नव्हे, इच्छाशक्तीही नव्हे. इलेक्ट्रॉनची कुठेतरी नोंद उमटणं, एवढाच त्याचा अर्थ. खोलीत एकही माणूस नसला आणि नुसतं यंत्र असलं, तरी पट्टे जातात. बाजारातला माणूस ही ओळ गाळतो आणि सांगतो, मनात आणाल तसं जग घडतं, आमचं लॉकेट घाला, आमची दांडी धरा. उपमा तीच, बांध मात्र उकरून टाकलेला.

दुसरी पळवाट 'अनिश्चितता' या शब्दातून निघते. १९२७ साली हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचं तत्त्व मांडलं. कणाची जागा जितकी नेमकी धराल, तितका त्याचा वेग आणि दिशा निसटणार. लोकांना वाटतं, म्हणजे विज्ञानानंच कबूल केलं की काहीच नक्की नाही, मग काहीही शक्य आहे! तसं मुळीच नाही. किती निसटणार, याचा हिशेब अगदी कडक आहे. आणि त्याचा पुरावा आता आपल्या शेजारी उभा राहतो आहे.

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आपल्या सर्वांच्या ओळखीचं. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. तिला २०१६ साली तत्त्वतः मंजुरी मिळाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्या, त्यांत लेसरचा प्रकाश, टोकांना आरसे. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की नळ्यांच्या लांबीत फरक पडतो. तो किती? प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी कमी. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली.

आता क्वांटम इथे कुठे आलं? पत्र्याच्या घरात पाऊस ऐकला आहे ना? सर सारखीच असली तरी आवाज एकसारखा नसतो, तडतड होते, कारण थेंब सुटे सुटे पडतात. लेसरचे प्रकाशकणही असेच सुटे सुटे येऊन पोचतात. त्या तडतडीत लहरीचा बारीक आवाज बुडून जातो. मग शास्त्रज्ञ काय करतात? पाण्यानं भरलेली पिशवी एका बाजूनं दाबली की दुसरीकडे फुगते. तशी प्रकाशातली अनिश्चितता जिथे त्रास देते तिथून दाबायची, जिथे चालण्यासारखी आहे तिथे फुगू द्यायची. पिशवीतलं पाणी मात्र कमी करता येत नाही. तेच हायझेनबर्ग यांचं तत्त्व. अमेरिकेतल्या वेधशाळा २०१९ पासून ही युक्ती नेमानं वापरतात, २०२३ पासून ती आणखी सुधारली आहे. अनिश्चितता म्हणजे अंदाधुंदी असती, तर असा हिशेब जमला असता का?

मंडळी, हा हिशेब आपल्या पैशानं चालणार आहे. २०२३ मध्येच केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत ६,००३ कोटी रुपयांचं. त्याच्या चार केंद्रांपैकी एक मुंबईच्या आयआयटीत आहे. ज्याच्यासाठी आपण कर भरतो, ते काय आहे हे आपल्या भाषेत विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि सांगणं हे जाणकारांचं काम आहे.

हे काम थोरांनी कमी लेखलेलं नाही. १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजण्याची नवी रीत काढली. आइन्स्टाइन यांनी स्वतः तो लेख जर्मनमध्ये भाषांतर करून छापवला. आज विश्वातल्या कणांच्या एका अख्ख्या जातीला बोस यांच्या नावावरून 'बोसॉन' म्हणतात. याच बोस यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. उद्देश एकच, विज्ञान बंगाली भाषेत लोकांपर्यंत नेणं. आपल्याकडे 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून. जयंत नारळीकरांनी १९७४ साली आपली पहिली विज्ञानकथा परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, परीक्षकांनी नाव पाहून भुलू नये म्हणून. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. केंब्रिजमध्ये नाव कमावलेला हा माणूस मराठीत गोष्टी लिहीत राहिला, २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेला. पुण्याची आयुका त्यांनी उभी केली, आणि औंढ्याच्या वेधशाळेच्या कामातही आयुकेचा वाटा आहे.

आता शेवट. गेल्या उन्हाळ्यात मी मावशींच्या ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही मागं एक विचारलं होतं." त्यांना आठवत होतं. मी भट्टी सांगितली, ज्वारी सांगितली, कैरी सांगितली, बारव सांगितली. प्रत्येक ठिकाणी बांधही सांगितला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माणसाच्या मुठीत दांडी देऊन त्याची साखर कळती, असं ह्यात कुठंच नाही?"

"नाही, मावशी."

"मग हे तवाच का नाही सांगितलं, भाई?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तर मग माहीत न्हाई म्हणायचं की," मावशी म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुणाला इचारलं असतं."

श्रोतेहो, सोपं करून सांगण्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. त्यातली पहिली अट मला मावशींनी शिकवली. तुमच्याकडेही कुणी असा एखादा कागद घेऊन येईल. तेव्हा माहीत असेल तेवढं सांगा, आणि जिथे आपला बांध आला तिथे थांबून तसं सांगा.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)